प्रतिबंधक मणी

सरकारी नोकरीत, आणि तीही बदलीच्या नोकरीत, ज्यांचे आयुष्य गेले त्यांच्या मनात निवृत्तीनंतर एक प्रश्न हटकून डोकावतो. ज्या ज्या गावी आपण राहिलो, तेथे आपले असे काय उरले? कार्यभार सोपविल्याच्या कागदावर सही झाली, की दुसऱ्याच दिवशी दारावरील पाटीवर दुसरे नाव चढते. आपण लिहिलेल्या टिपण्या फायलीत जातात, फाईल दप्तरखान्यात जाते, आणि दप्तरखान्याला वाळवी लागते. जुना कारकून रस्त्यात भेटला तर म्हणतो, ‘‘साहेब, आपल्या वेळी कामे भराभर होत.’’ परंतु हेच वाक्य त्याने आपल्या आधीच्या साहेबांनाही ऐकविलेले असते. मग आपल्या तेथे असण्याचा काही परिणाम झाला की नाही, आणि झाला असेल तर तो ओळखावा कसा?

बेंगळूर शहराला असल्या मराठी पाहुण्यांची सवय फार जुनी आहे. १६३८ साली विजापूरच्या दरबाराकडून शहाजीराजांस हे शहर मिळाले. म्हणजे एका अर्थी तेही परमुलखात नेमणुकीवर आलेले मराठी गृहस्थच. पुढे १६८७ च्या सुमारास शहर म्हैसूरच्या वोडेयरांकडे गेले आणि ती नेमणूक संपली. त्यांचेही येथे काय उरले हे आज शोधावे लागते. आमच्यासारख्यांची मग गोष्टच सोडा. आम्ही येथे तीन वर्षांच्या बोलीने आलो, निवृत्तीपर्यंत कसेबसे टिकलो आणि निवृत्तीनंतर येथलेच झालो.

वरील प्रश्न आम्हांस नुकताच पुन्हा पडला, तो मात्र कचेरीच्या संदर्भात नव्हे. दिवाळीपूर्वी माळा झाडताना आमच्या मुलाची जुनी गिटार सापडली. तारा गंजलेल्या, आणि खोळीच्या कप्प्यात एक तबकडी. ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ ह्या बेंगळुरी बँडचा तो पहिला गीतसंग्रह; २००० साली निघालेला. मुलाने तो कॉलेजात असताना आणला होता. त्या वेळी आम्ही तो ऐकला नव्हता. ह्या वेळी ऐकला, आणि ऐकल्यावर जे विचार मनात आले ते वाचकांपुढे ठेवावेत असे वाटले.

हा बँड १९९६ साली येथील क्राइस्ट कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी स्थापन केला. ब्रूस ली मणी हा गायक व गिटारवादक, राजीव राजगोपाल हा ड्रमवादक, आणि त्यांचे सोबती. बँडच्या विचित्र नावामागील हिशेब आम्हांस फार मौजेचा वाटला. संस्थापकांपैकी तिघे मल्याळी आणि एक चतुर्थांश मल्याळी. म्हणून इंग्रजीत ‘थ्री मल अँड अ क्वार्टर’, आणि त्याचा शब्दश्लेष ‘थर्मल अँड अ क्वार्टर’. आपण किती टक्के कोण आहोत ह्याची चिंता परप्रांतात राहणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला असते. आपली नातवंडे किती आणे मराठी उरली ह्यावर महाराष्ट्र मंडळात गंभीर चर्चा चालते. ह्या मुलांनी मात्र तोच अपूर्णांक विनोदाने आपल्या पाटीवर लिहून टाकला. आणि पहिल्या संग्रहाला नाव काय दिले? ‘थर्मल अँड अ क्वार्टर डॉट कॉम’. म्हणजे संकेतस्थळावरचा स्वतःचा पत्ता! ज्यांचा पत्ता दर तीन वर्षांनी बदलत आला त्या आमच्यासारख्यांना ह्या धिटाईचा किंचित हेवाच वाटला.

संगीताच्या बाजारात ज्याला ‘इंडी’ म्हणतात, त्या ‘इंडिपेंडंट’ म्हणजे स्वतंत्र वृत्तीचा हा प्रकार. पाठीशी मोठी ध्वनिमुद्रण कंपनी नाही, चित्रपटाचा आधार नाही. गाणी आपली, खर्च आपला आणि तोटाही आपलाच. त्या आधीची रीत वेगळी होती. बेंगळुरात रॉक संगीत काही नवीन नव्हते. १९७० च्या दशकातही येथे बँड होते आणि श्रोतेही होते. परंतु कॉलेजांच्या स्पर्धांत बहुधा परदेशी बँडांची गाणी हुबेहूब वाजविणाऱ्याचे कौतुक होई. मुंबईत ‘रॉक मशीन’ ह्या बँडने १९८८ साली स्वतः रचलेल्या गाण्यांचा पहिला संग्रह काढला होता. उदय बेनेगल आणि महेश तिनईकर ही त्यातली नावे अनेकांस आठवत असतील. बेंगळुरात २००० नंतर हळूहळू वारे फिरले. २००८ साली ‘रघू दीक्षित प्रोजेक्ट’चा पहिला संग्रह आला आणि शिशुनाळ शरीफ ह्या एकोणिसाव्या शतकातील संतकवीची कन्नड पदे गिटारच्या साथीने तरुणांच्या तोंडी बसली. २००९ साली ‘स्वरात्मा’चा पहिला संग्रह आला. ‘थर्मल’वाल्यांनी स्वतः पुढे आणखी संग्रह काढले आणि शहरात संगीत शिकविणारी शाळाही उघडली. आज ह्या शहरात आपली गाणी आपण रचून गाणे ही सामान्य गोष्ट झाली आहे, आणि त्या काळचे श्रोते अभिमानाने सांगतात की हे सारे त्या पहिल्या संग्रहामुळे झाले.

आमचा प्रश्न येथेच सुरू होतो. ‘त्यामुळे झाले’ म्हणजे नेमके काय झाले?

खपावरून पाहू गेल्यास फारसे हाती लागत नाही. असल्या संग्रहांचा खप चित्रपटगीतांच्या पासंगालाही पुरत नाही. न्यूयॉर्कच्या ‘व्हेल्व्हेट अंडरग्राउंड’ ह्या बँडचा पहिला संग्रह १९६७ साली निघाला तेव्हा विक्रीच्या यादीत तो पहिल्या दोनशेंत जेमतेम शिरला. पुढे १९८२ साली ब्रायन ईनो ह्या संगीतकाराने त्याविषयी एक मार्मिक विधान केले. पहिल्या पाच वर्षांत त्याच्या अवघ्या तीस हजार प्रती खपल्या असतील, परंतु घेणाऱ्यांपैकी प्रत्येकाने आपला बँड काढला, अशा आशयाचे ते विधान आहे. त्यातील अतिशयोक्ती सोडून दिली तरी खप आणि प्रभाव ही दोन वेगळी मापे आहेत एवढे त्यातून कळते.

मग अनुकरणावरून पाहावे काय? तेही जमत नाही. शरीफांची पदे गाणाऱ्याचे संगीत ‘थर्मल’च्या संगीतासारखे नाही, भाषा वेगळी, ताल वेगळा, परंपरा वेगळी. आणि केवळ आधी-नंतरच्या क्रमावरून पाहावे, तर आपल्या पूर्वजांनी त्यास ‘काकतालीय न्याय’ म्हणून केव्हाच हसून ठेवले आहे. कावळा बसायला आणि फळ पडायला एकच गाठ पडली, म्हणून कावळ्याने फळ पाडले असे होत नाही.

न्यायशास्त्रकारांनी कार्यकारणभावाचा विचार फार काटेकोरपणे केला आहे. जे कार्याच्या आधी नियमाने असते आणि ज्याच्यावाचून काम भागत नाही, तेच कारण. बाकी सारे ‘अन्यथासिद्ध’. म्हणजे जवळपास हजर, परंतु कारणात ज्याची गणना नाही असे. त्यांचे उदाहरण घटाचे. माती, चाक, दांडा आणि कुंभार ही घटाची कारणे. ज्या गाढवाच्या पाठीवरून माती आली ते गाढव अन्यथासिद्ध, कारण माती दुसऱ्या वाटेनेही आली असती. एवढेच नव्हे, तर कुंभाराचा बापही अन्यथासिद्धच! तो कुंभाराचे कारण आहे, घटाचे नव्हे. हे वाचताना शास्त्रकारांची निःस्पृहता पाहून आम्ही थक्क झालो. कारण मुलाच्या यशाचे श्रेय घेण्यास सर्वांत पुढे सरसावतो तो बापच.

तेव्हा तो पहिला संग्रह ह्या घटातला कोण? पुढची गाणी त्याने रचली नाहीत. म्हणून तो कुंभार नव्हे. त्याचे सूर घेऊन पुढची गाणी झाली नाहीत. म्हणून तो मातीही नव्हे. मग त्याला गाढवाच्या किंवा बापाच्या पंक्तीस बसवावे काय?

ह्यावर आम्हांस सुचणारे उत्तर त्याच शास्त्रात आहे. अग्नी जाळतो हे सर्वांस ठाऊक. परंतु चंद्रकांत मणी जवळ असला तर तो जाळीत नाही, अशी एक जुनी समजूत होती. समजूत खरी की खोटी हा प्रश्न वेगळा. त्यावरून चाललेला वाद मोलाचा आहे. मीमांसक म्हणत की अग्नीत दहनाची एक अदृश्य शक्ती असते आणि मणी ती नाहीशी करतो. नैयायिकांस अशी निराळी शक्ती मान्य नव्हती. ते म्हणत, अग्नी आहे तसाच आहे. परंतु दाहाच्या कारणांत एक कारण ‘प्रतिबंधकाभाव’ हेही आहे. अडविणारी वस्तू तेथे नसणे, हेदेखील कारणच. उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त हा पक्ष आग्रहाने मांडला आहे. ‘नसणे’ ह्याला ‘असणे’ ह्याच्या बरोबरीने कारणाच्या मांडीला मांडी लावून बसविणारे हे धाडस आम्हांस फार मोठे वाटते.

बेंगळुरातील मुलांच्या अंगी गाणी होती. ती २००० च्या आधीही होती. अग्नी होताच. अडवीत होता तो एक मणी. ‘आपल्यासारख्यांनी आपली गाणी करायची नसतात, ती इतरांनी इतरत्र केलेली असतात, आपण ती नीट वाजवायची’, ही समजूत म्हणजे तो मणी. कोणीतरी आपल्याच कॉलेजातल्या, आपल्याच रस्त्यावरच्या मुलांनी स्वतःची गाणी एका तबकडीवर उतरवून दुकानात आणून ठेवली, की ती समजूत खोटी ठरते. ऐकणाऱ्याला ते संगीत आवडावे अशीदेखील अट नाही. न आवडल्यास तो म्हणेल, ‘‘ह्याहून बरे तर मी करीन.’’ मणी त्यानेही दूर होतो. पहिल्या कृतीचा टिकाऊ प्रभाव हा असा असतो. म्हणूनच तो खपात दिसत नाही आणि अनुकरणातही सापडत नाही.

आपल्याच इतिहासातील एक उदाहरण घ्यावे. १८४२ साली कर्नाटकातील भागवत मंडळींनी सांगलीस खेळ केले. ते पाहून चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना तसे काही मराठीत करण्यास सांगितले, आणि १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आले. १८८० साली पुण्यास अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ उभे केले, ते भाव्यांच्या नाटकासारखे मुळीच नव्हते. भाव्यांचे खेळ आज कोणी करीत नाही. तरीही मराठीत पैसे देऊन पाहण्याजोगे नाटक होऊ शकते, ही गोष्ट १८४३ नंतर कोणास सिद्ध करून दाखवावी लागली नाही. ते किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे आणि पेशाने सरकारी नोकर होते, हे आमच्या वाचकांस सांगताना मौज वाटते. आणि ह्या साऱ्याच्या मुळाशी असलेल्या कानडी मंडळींना आपण सांगलीत कोणता मणी दूर करून गेलो ह्याची कल्पनाही नसेल. ते आले, खेळ केले, पुढच्या मुक्कामास गेले; आपल्यासारखेच.

ह्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की हे संगीतच मुळी परके; इंग्रजी शब्द आणि गिटार, त्याचे कौतुक काय? परंतु मल्लेश्वरमातील चौडय्या स्मारक सभागृह ज्यांनी पाहिले आहे त्यांनी हा आक्षेप घेऊ नये. ती १९८० साली बांधलेली वास्तू व्हायोलिनच्या आकाराची आहे, आणि कर्नाटक संगीतातील एका थोर वादकाचे ते स्मारक आहे. परके वाद्य रुजले की त्याचेच देऊळ होते. आपले नाट्यसंगीत तरी पायपेटीच्या साथीवाचून कोणी ऐकले?

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे. ह्यांनी केले नसते तर दुसऱ्या कोणी केले असते. मग ह्यांचे विशेष ते काय? मणी काढणारा हात ह्याचा की त्याचा, ह्याने अग्नीला काय फरक पडतो? हा आक्षेप आम्ही मान्य करतो, आणि मान्य केल्यावरच आम्हांस त्या कामाची थोरवी अधिक जाणवते. ज्याच्या श्रेयावर कायमचा हक्क सांगता येत नाही असे ते काम आहे. अडथळा एकदा दूर झाला, की तो कधी होता हेच पुढच्यांना उमगत नाही. आज गिटार घेऊन स्वतःचे गाणे म्हणणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीला कोणाचे आभार मानावेत असे वाटतही नाही, आणि तिला तसे वाटू नये हीच त्या कामाची पूर्तता होय. फळाची आशा न धरता कर्म करावे हे आपण नित्य ऐकतो. येथे तर फळ लागले हे ओळखण्याची सोयही राहत नाही.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहावयास घेतला त्याकडे येतो. २००२ साली आमचा मुलगा येथील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात दुसऱ्या वर्षाला होता. ही तबकडी त्याने मित्रांच्या संगतीने कित्येकदा ऐकली होती. एका रविवारी सकाळी तो गिटार घेऊन दिवाणखान्यात आला आणि म्हणाला, ‘‘बाबा, मी एक गाणे केले आहे, ऐकता?’’ आम्ही वर्तमानपत्र बाजूला न करता विचारले, ‘‘कोणाचे?’’ तो म्हणाला, ‘‘माझेच.’’ त्यावर आम्ही जे बोललो ते आजही शब्दशः आठवते. ‘‘गायचेच असेल तर एखाद्या चांगल्या गवयाचे काही बसव. आपल्या घरात गाणी कोणी करीत नाही.’’ आवाज चढविला नाही, रागावलो नाही. उलट आपण बापाला शोभेसा पोक्त सल्ला दिला असेच आम्हांस वाटले. तो ‘‘बरे’’ म्हणाला आणि आत गेला. त्यानंतर दिवाणखान्यात गिटार आली नाही. पुढे ती केव्हा माळ्यावर गेली हेही आमच्या लक्षात आले नाही.

कुंभाराचा बाप घटाचे कारण नसतो, हे शास्त्र खरेच आहे. परंतु बाप मणी मात्र होऊ शकतो.

तबकडी ऐकून झाल्यावर आम्ही मुलाला फोन केला. तो आता पुण्यास असतो, चाळिशी ओलांडली आहे, नोकरी उत्तम आहे. गिटार सापडल्याचे सांगितल्यावर तो हसला. आम्ही विचारले, ‘‘त्या वेळचे ते तुझे गाणे काय होते रे?’’ थोडा वेळ तो आठवत राहिला. मग म्हणाला, ‘‘चाल थोडी आठवते, बाबा. शब्द गेले.’’ त्याच्या स्वरात तक्रार नव्हती. पुढे त्याने आईच्या गुडघ्याची चौकशी केली आणि बोलणे संपले.

ते गाणे चांगले होते असे आम्ही म्हणत नाही. वीस वर्षांच्या मुलाचे पहिले गाणे. बहुधा सामान्यच असेल. मुलाचे आयुष्य वाया गेले असेही नाही. आमचे म्हणणे एवढेच, की ह्या व्यवहारात एक विषमता आहे आणि ती नीतीच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. मणी दूर करणाऱ्याच्या कामाची निदान चिन्हे तरी राहतात. पुढे जे घडते त्यावरून लोक मागे वळून त्याचे नाव घेतात. जो मणी होऊन बसतो, त्याच्या कामाचे चिन्ह राहत नाही. जे घडलेच नाही त्याची नोंद कोण करणार? म्हणूनच आपल्या हातून काय घडले ह्याचा ताळा मांडणारा माणूस नेहमी फायद्यातच दिसतो. त्याच्या हातून काय घडू शकले नाही, हा रकाना त्या वहीत नसतोच.

आमच्या वाचकांपैकी बहुतेकांनी हयात कचेरीत घालविली आहे, म्हणून त्यांच्याच परिभाषेत सांगतो. नवी कल्पना घेऊन कोणी आला की आपण फायलीवर एक वाक्य लिहितो : ‘यापूर्वी असे झालेले नाही, चुकीचा पायंडा पडेल.’ हे वाक्य आम्ही स्वतः किती वेळा लिहिले ह्याचा हिशेब नाही. त्यातील काही वेळा ते योग्यही असेल. प्रत्येक अडथळा वाईट नसतो, आणि आग सर्वत्र लागू देण्याचे कोणीच सुचविणार नाही. परंतु त्या वाक्याची एक गंमत आहे. ‘यापूर्वी झालेले नाही’ हे कारण पहिल्या माणसापुरतेच लागू पडते. एकाने करून टाकले की तेच वाक्य दुसऱ्यासाठी लिहिता येत नाही. चार कॉलेजकुमारांनी २००० साली ह्या शहरात एक पायंडा पाडला, आणि पुढच्या सर्वांच्या फायलीवरचे ते वाक्य पुसले गेले. आमच्या घरातील फाईल मात्र आम्ही त्याच जुन्या शेऱ्यानिशी परत पाठविली, तीही तो शेरा शहरात रद्द झाल्यावर दोन वर्षांनी.

गावात आपले काय उरले, ह्या प्रश्नाकडे आता आम्ही थोड्या वेगळ्या दृष्टीने पाहतो. आपल्या नावाची पाटी, आपल्या काळात झालेली इमारत, आपल्या सहीचा हुकूम, ह्यांत काही उरत नाही, आणि न उरल्याचे दुःखही आता वाटत नाही. कोणाच्या वाटेतून आपण वेळेवर बाजूला झालो असू, तर तेवढे तेथे उरले असेल. ते कोणास दिसणार नाही, आपल्यालाही नाही. उलट कोठे अडून बसलो असू, तर तेही दिसणार नाही. तेवढ्यासाठी माणसाने अधूनमधून आपला माळा झाडावा हे बरे.

गिटारला नव्या तारा बसवून आणल्या आहेत. मुलगा संक्रांतीला येणार आहे. त्याने ती हातात घ्यावी असा आग्रह आम्ही धरणार नाही. ती दिवाणखान्यात, वर्तमानपत्राच्या खुर्चीशेजारी, नुसती ठेवलेली असेल.